ऑगस्टचं पाणी : ऱ्होन नदीतल्या बर्फाचा हिशेब

आल्प्समधला बर्फ संपला तर ऱ्होन नदीचं काय होणार, हा प्रश्न स्वित्झर्लंड आणि फ्रान्समध्ये आता फक्त अभ्यासकांचा राहिलेला नाही. द्राक्षबागायतदार तो विचारतात, वीज कंपन्या विचारतात, अणुभट्ट्या चालवणारे विचारतात. बातम्यांमध्ये त्याचं ठरलेलं उत्तर असतं : नदी आटणार. नकाशा आणि विसर्गाचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की हे उत्तर कच्चं वाटू लागतं. ऱ्होन आटणार नाही. पण तिचं वर्षाचं वेळापत्रक मोडणार आहे, काही ठिकाणी ते मोडलेलंच आहे, आणि या खोऱ्यातली शेती, वीज, जहाजं, शहरं हे सगळं त्या वेळापत्रकावर बेतलेलं आहे.

आधी आकडे. नदीची लांबी 812 किलोमीटर. त्यातले सुमारे 290 किलोमीटर स्वित्झर्लंडमध्ये, बाकी फ्रान्समध्ये. जिनिव्हा सरोवरात शिरताना तिचा सरासरी विसर्ग सेकंदाला सुमारे 180 घनमीटर, सरोवरातून बाहेर पडताना 250 च्या आसपास, ल्योंच्या खाली सॉन नदी मिळाल्यावर हजाराच्या घरात आणि भूमध्य समुद्राजवळ बोकेरला 1700. म्हणजे समुद्राला मिळणाऱ्या पाण्याचा बराच मोठा हिस्सा हिमनद्यांशी संबंध नसलेल्या मुलखातून येतो. वार्षिक बेरजेत बर्फाचा वाटा किरकोळ आहे. तरीही ऱ्होनला हिमनदीची नदी म्हणतात ते उगाच नाही. का, ते समजायला उगमापाशी जावं लागतं.

फुर्का खिंडीच्या पश्चिम उतारावर, व्हॅले कँटनच्या वरच्या टोकाला ऱ्होन हिमनदी आहे. तिच्या काठाशी, रस्त्याच्या नागमोडी वळणावर, हॉटेल बेल्वेडेर नावाची इमारत उभी आहे. 1882 साली ती बांधली तेव्हा प्रवासी खिडकीतून समोर हिमनदी बघत. गेल्या दशकात हॉटेल बंद पडलं. शेजारी मात्र एक जुना धंदा अजून चालतो : दर वर्षी हिमनदीच्या टोकात माणसांना चालता येईल असं भुयार कोरायचं आणि तिकीट लावून आत सोडायचं. एकोणिसाव्या शतकापासून हे चाललं आहे. आतला प्रकाश निळा, भिंती घामेजलेल्या, पायाखाली लाकडी फळ्या. गेली पंधरा-एक वर्षं या भुयारावर उन्हाळ्यात पांढऱ्या जाड कापडाचे तागे अंथरतात, म्हणजे ऊन परावर्तित होऊन बर्फ जरा सावकाश वितळावा. उन्हापावसाने मळलेली, कडांना फाटलेली ती कापडं लांबून पाहिली की हिमनदी आजारी माणसासारखी पट्ट्यांत गुंडाळलेली दिसते. भुयारापुरता बर्फ त्याने वाचतो, हिमनदीला त्याचा काहीही उपयोग नाही. कापडाने आल्प्स झाकायला निघालेल्यांच्या योजना अधूनमधून वाचायला मिळतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष केलेलं बरं.

1850 च्या सुमारास हीच हिमनदी खाली ग्लेचच्या सपाटीपर्यंत, म्हणजे जेमतेम 1750 मीटर उंचीपर्यंत उतरत होती. त्या काळची चित्रं आहेत, आणि पुढे 1874 पासून तिची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. बर्फाच्या हालचालीची इतकी जुनी आणि सलग नोंद जगात फार थोड्या ठिकाणी सापडते. आता बर्फाचं टोक वरच्या खडकाळ पायरीच्या मागे गेलं आहे आणि त्याच्यापुढे एक राखाडी तळं साचलं आहे, जे या शतकाच्या सुरुवातीला नव्हतं. जाता जाता : ‘ग्लेशियर एक्स्प्रेस’ या प्रसिद्ध गाडीला नाव मिळालं ते याच हिमनदीवरून. पण 1982 मध्ये फुर्काचा बोगदा झाल्यापासून ही गाडी डोंगराखालून जाते आणि प्रवाशांना जिच्यावरून नाव पडलं ती हिमनदीच दिसत नाही.

हा सगळा परिसर युरोपचं छप्पर आहे. फुर्काच्या पूर्वेला पडलेला पाऊस रॉइस नदीतून ऱ्हाइनला आणि पुढे उत्तर समुद्राला जातो, पश्चिमेला पडलेला ऱ्होनमधून भूमध्य समुद्राला, आणि थोडं दक्षिणेला पडलेला तिचीनोतून पो नदीला व एड्रियाटिकला. आपल्याकडचे पर्यटक सहलीबरोबर युंगफ्राउयोखला जातात तेव्हा ते हा जलविभाजक नकळत ओलांडतात. इंटरलाकेनहून वर चढणारी गाडी आरे नदीच्या, म्हणजे पर्यायाने ऱ्हाइनच्या पाणलोटातून येते. वर 3400 मीटरच्या पुढे पोहोचल्यावर दक्षिणेकडच्या सज्जातून जो प्रचंड पांढरा पट्टा दिसतो, ती आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी, वीसेक किलोमीटर लांबीची. तिचं पाणी मासा नावाच्या ओढ्यातून ब्रिगजवळ ऱ्होनला मिळतं. उगमाचा मान फुर्काकडच्या हिमनदीला असला, तरी बर्फाच्या साठ्यात आलेच तिच्या कितीतरी पट मोठी आहे. त्याशिवाय झेरमाट आणि सास खोऱ्यांचं पाणी आणणारी फिस्पा, लोएचेनटालमधली लोन्झा, एरान्सची बोर्न्य, बान्यची द्रांस. वरच्या ऱ्होनला दोन्ही बाजूंनी मिळणाऱ्या या उपनद्या जवळजवळ सगळ्या कुठल्या ना कुठल्या हिमनदीतून निघतात. सरोवराच्या वरचं खोरं सुमारे 5200 चौरस किलोमीटरचं आणि त्याचा साधारण दहावा भाग बर्फाखाली.

या दहाव्या भागामुळे नदीचा स्वभाव ठरतो. गोदावरीकडे बघण्याची सवय असलेल्या माणसाला ते उलटं वाटेल : इथे पाऊस न पडता, स्वच्छ निळ्या आभाळाखाली, कडक उन्हात नदी फुगते. जानेवारीत पाणी तळाशी, मे-जूनमध्ये हिवाळ्यातला ताजा हिम वितळून चढ, आणि जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या बर्फाचं पाणी. हिमनदीजवळच्या ओढ्यांमध्ये तर रोजची भरती-ओहोटी असते. पहाटे उडी मारून ओलांडता येणारा ओढा संध्याकाळी पाय ठेवू देत नाही. पाण्याचा रंगही ताकासारखा, कारण बर्फ सरकताना खालचा खडक घासून त्याचं पीठ करतो आणि ते इतकं बारीक असतं की खाली बसतच नाही.

व्हॅलेच्या शेतीला हे वेळापत्रक देवाने पाठवल्यासारखं जुळलं. उत्तरेला बर्नीज आल्प्स, दक्षिणेला पेनाइन आल्प्स, दोन्हीकडून ढग अडलेले. खोऱ्याच्या तळाशी वर्षाला जेमतेम 600 मिलिमीटर पाऊस. हिरव्यागार चित्रांतल्या स्वित्झर्लंडची इथे आठवणही येत नाही. निवडुंग उगवतो, उतारांवर द्राक्षमळे आहेत, आणि स्विस वाइनचा सर्वांत मोठा मुलूख हाच. पाणी लागतं जुलै-ऑगस्टमध्ये, आणि नेमकं तेव्हाच वरचा बर्फ ते सोडतो. ते आणण्यासाठी मध्ययुगापासून लोकांनी डोंगरकड्यांवर पाट काढले. फ्रेंच बोलणाऱ्या भागात त्यांना बीस म्हणतात, जर्मन बोलणाऱ्या भागात सूओने. कड्याला खुंट्या ठोकून त्यांवर लाकडाच्या पन्हळी टेकवलेल्या, खाली शेकडो फुटांची दरी. पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या, कुणाची किती तास याच्या खुणा लाकडाच्या पट्टीवर कोरलेल्या. पाटकऱ्याच्या झोपडीजवळ पाटात एक लहान चक्र बसवलेलं असे. ते फिरलं की लाकडी हातोडा फळीवर ठक ठक वाजत राही. आवाज थांबला की वर कुठेतरी दरड आली किंवा पन्हळ निसटली, आणि पाटकऱ्याने मध्यरात्र असली तरी कंदील घेऊन निघायचं. 2023 मध्ये युनेस्कोने युरोपातल्या पारंपरिक सिंचनाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं, त्यात हे पाटही आले. काही पाट आज पर्यटकांच्या पायवाटा झाले आहेत. बरेच अजून शेतांना पाणी देतात.

खोऱ्याचा तळ मात्र एकसलग नाही. लॉयक आणि सिएर या गावांच्या मध्ये दक्षिणेकडून इलग्राबेन नावाची उघडीबोडकी घळ उतरते. आल्प्समधल्या सर्वांत खवळत्या घळींपैकी ही एक. मोठा पाऊस झाला की चिखल, दगड आणि पाण्याचा लोंढा वर्षातून अनेकदा खाली येतो. त्या लोंढ्यांच्या गाळाचा पंखा खोऱ्यात इतका पसरला आहे की त्याने ऱ्होनला पलीकडच्या काठाशी ढकललं. पंख्यावर फीनचं पाइनवन वाढलं. या काही किलोमीटरांत नदी अजून मोकळी आहे, वाळूच्या बेटांमधून फाटे फोडत वाहणारी. जर्मन आणि फ्रेंच भाषांची सीमाही याच पट्ट्यात पडते. वरच्या खोऱ्यात नदीचं नाव रॉटन, खालच्या खोऱ्यात ऱ्होन.

बर्फाने या खोऱ्याला पाणी दिलं तसे तडाखेही दिले. 1818 चा प्रसंग सविस्तर सांगण्यासारखा आहे, कारण त्यातून एक विज्ञानशाखा उभी राहायला मदत झाली. बान्य खोऱ्यात जिएत्रो हिमनदीचे तुकडे कोसळून द्रांस नदीत बर्फाचा बांध तयार झाला आणि मागे तळं भरू लागलं. कँटनचा अभियंता इग्नाझ वेनेट्झ याने त्या बर्फातून बोगदा खणायला घेतला. कामगार वाहून जाण्याच्या भीतीत काम करत होते. जूनच्या मध्याला बोगद्यातून पाणी वाहू लागलं आणि तळ्यातलं सुमारे एक तृतीयांश पाणी शांतपणे निघून गेलं. मग 16 जूनला बांध फुटला. उरलेलं पाणी दीडेक तासात मार्टिनीला पोहोचलं. चाळीसेक माणसं गेली. बोगदा नसता तर आकडा किती झाला असता, याचा अंदाज न केलेला बरा.

याच खोऱ्यातल्या लूर्तिए गावचा जाँ-पिएर पेरोदाँ हा शिकारी त्याआधीपासून सांगत होता की उतारांवरचे हे अजस्र परके दगड पाण्याने नव्हे, पूर्वी खूप मोठ्या असलेल्या हिमनद्यांनी आणून टाकले आहेत. वेनेट्झला ते पटलं, बेच्या मिठाच्या खाणींचा संचालक जाँ द शार्पांतिए यालाही पुढे पटलं, आणि त्यांच्याकडून ते निसर्गशास्त्रज्ञ लुई अगासीपर्यंत पोहोचलं. 1837 मध्ये न्यूशातेलला अगासीने हिमयुगाची कल्पना जाहीरपणे मांडली. श्रेय अगासीला मिळालं, ते त्याच्या वक्तृत्वाला आणि महत्त्वाकांक्षेला धरूनच होतं. पण मूळ निरीक्षण ऱ्होनच्या खोऱ्यात हिंडणाऱ्या एका शिकाऱ्याचं. आज आपण जाणतो की हिमयुगात ऱ्होन हिमनदी सध्याचं सरोवर भरून ल्योंपर्यंत पसरली होती. ल्योंच्या क्रोआ-रूस टेकडीवर जो मोठा दगड मानाने मांडून ठेवला आहे, तो बर्फावर बसून आल्प्समधून तिथे आला.

पुढचे तडाखे विसाव्या आणि एकविसाव्या शतकातले. 30 ऑगस्ट 1965 ला सास खोऱ्यात माटमार्क धरणाच्या बांधकामावर आलालिन हिमनदीचं टोक कोसळलं आणि 88 कामगार दगावले, त्यातले बहुसंख्य इटालियन. 28 मे 2025 ला लोएचेनटालमध्ये बिर्श हिमनदी वरून साठलेल्या खडकांच्या भाराने तुटली आणि ब्लाटेन हे गाव जवळजवळ पूर्ण गाडलं गेलं. सुमारे 300 रहिवाशांना नऊ दिवस आधीच हलवलं होतं, म्हणून जीवितहानी एका माणसापुरती राहिली. 1818 पासून इथल्या लोकांनी बर्फावर लक्ष ठेवायची सवय लावून घेतली, तिचं हे फळ.

खोऱ्याच्या तळाशी नदीशी झालेला व्यवहार वेगळ्या जातीचा आहे. 1860 च्या पुरानंतर 1863 ते 1894 या काळात ऱ्होनला दोन बांधांमध्ये सरळ कोंबलं. दलदली सुकल्या, तिथे फळबागा, कारखाने, महामार्ग आला. तळ गाळाने उचलला जाऊ लागला म्हणून 1930 ते 1960 मध्ये दुसरी दुरुस्ती. ऑक्टोबर 2000 च्या पुराने दाखवलं की बांध पुरेसे नाहीत, आणि तिसरी दुरुस्ती ठरली : या वेळी नदीला रुंद करायचं, जागा परत द्यायची. 2015 मध्ये व्हॅलेच्या मतदारांनी तिच्या निधीला मान्यता दिली. पण शेतजमीन जाणार म्हणून कुरबूर थांबली नाही, आणि 2024 मध्ये कँटन सरकारने आराखड्याचा फेरविचार जाहीर केला. त्याच वर्षी जूनमध्ये सिएर-शिपी भागात ऱ्होन बांधांवरून वाहिली. जमिनीची तक्रार खरी आहे, पण शेजारच्या फीनच्या वनात मोकळ्या नदीत पूर कसा जिरतो हे रोज दिसत असताना फेरविचाराची घाई मला पटत नाही.

आता धरणं. वरच्या खोऱ्यातल्या बदलांत सर्वांत मोठा हा, आणि बर्फाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे. 1961 मध्ये पूर्ण झालेलं ग्रांद दिक्सांस 285 मीटर उंचीचं आहे, भारस्थायी धरणांत जगात पहिलं. चित्रपट-दिग्दर्शक झाँ-ल्यूक गोदार तरुणपणी त्याच्या बांधकामावर नोकरी करत होता आणि त्याचा पहिला लघुपट या काँक्रीटवरच आहे. या धरणामागे 40 कोटी घनमीटर पाणी राहतं. ते एका खोऱ्याचं नाही. झेरमाटपासूनच्या 35 हिमनद्यांचं पाणी सुमारे 100 किलोमीटरच्या बोगद्यांतून गोळा करून तिथे आणतात. सप्टेंबरअखेर तलाव काठोकाठ, एप्रिलमध्ये जवळजवळ रिकामा. खाली ब्येद्रोंच्या वीजघरात पाणी 1883 मीटरवरून पडतं. द्रांसवर, 1818 चा बर्फाचा बांध जिथे होता तिथेच, आज 250 मीटर उंच मोव्वाझां धरण आहे.

व्हॅलेच्या सगळ्या धरणांची मिळून साठवण सुमारे 120 कोटी घनमीटर, म्हणजे ऱ्होन सरोवरात वर्षभरात जेवढं पाणी ओतते त्याच्या एक पंचमांश. परिणाम असा की गेली साठ वर्षं नदीचा उन्हाळी चढ कापला गेला आहे आणि हिवाळ्यात, घरं तापवायला वीज लागते तेव्हा, तिच्यात पूर्वीपेक्षा जास्त पाणी असतं. विजेची मागणी वाढली की विसर्ग वाढतो, रविवारी कमी होतो. म्हणजे ‘नैसर्गिक वेळापत्रक’ ज्याला म्हणतात, ते बर्फ कमी होण्याआधीच माणसाने बदललेलं आहे. हवामानबदलाच्या चर्चेत ही गोष्ट सोयीने मागे पडते.

मग सरोवर. 580 चौरस किलोमीटर, 310 मीटर खोल. आलेलं पाणी सरासरी अकरा वर्षं आत राहतं. मोर्जचा फ्रांस्वा-आल्फोन्स फोरेल याने आयुष्यभर या एका सरोवराचा अभ्यास केला आणि 1892 ते 1904 मध्ये तीन खंडी ग्रंथ लिहून सरोवरशास्त्राचा पाया घातला. ऱ्होनचं थंड, गढूळ पाणी सरोवराच्या पाण्यापेक्षा जड असतं. ते मुखाशी एका रेषेवर अचानक बुडतं आणि तळाशी स्वतःची घळ कोरत पुढे सरकतं, हे त्याने समजावलं. खडकाचं पीठ इथे खाली बसतं. म्हणून जिनिव्हाला बाहेर पडणारी ऱ्होन स्वच्छ निळी असते. शहराच्या पश्चिमेला जोंक्स्योंच्या पुलावर उभं राहिलं की खाली माँ ब्लांकच्या हिमनद्यांतून आलेली आर्व्ह मातकट पाणी घेऊन तिला मिळते, आणि दोन रंग बऱ्याच अंतरापर्यंत एकमेकांना शिवत नाहीत. एका हिमनदीच्या पाण्याला सरोवर लागलं, दुसऱ्याला नाही, एवढाच फरक.

सीमेपलीकडची कथा थोडक्यात सांगता येते, कारण तिथे बर्फ मागे पडतो. ल्योंला सॉन मिळते, ती पावसाची नदी, हिवाळ्यात भरणारी. पुढे इझेर आणि ड्युरान्स आल्प्सचं पाणी आणतात, आर्देश सेव्हेनचे शरदातले पूर. खालच्या ऱ्होनचे महापूर पावसाचे असतात : डिसेंबर 2003 मध्ये बोकेरला सेकंदाला 11,500 घनमीटरच्या आसपास पाणी गेलं, आणि डिसेंबरात हिमनद्या गोठलेल्या असतात. 1933 मध्ये स्थापन झालेल्या ऱ्होन राष्ट्रीय कंपनीने नदीवर वीजघरांची साखळी उभी केली. गाळ धरणांमागे अडला, आणि आर्लखाली कामार्गच्या त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी समुद्र खातो आहे. मात्र उन्हाळ्याच्या शेवटी, सॉन रोडावते आणि दक्षिणेला पाऊस नसतो तेव्हा, तळाशी राहिलेल्या पाण्यात आल्प्सच्या बर्फाचा वाटा एकदम डोळ्यांत भरण्याइतका होतो. काठावर बूझे, सें-आल्बाँ, क्रुआस आणि त्रिकास्तें ही चार अणुवीज केंद्रं थंड पाण्यासाठी याच ऑगस्टच्या प्रवाहावर विसंबतात. 2022 च्या उन्हाळ्यात नदी इतकी तापली की गरम पाणी सोडण्याच्या मर्यादेत त्यातल्या काहींना तात्पुरती सूट द्यावी लागली.

त्याच 2022 मध्ये स्विस हिमनद्यांनी आपल्या आकारमानाचे 6 टक्के गमावले आणि 2023 मध्ये आणखी 4 टक्के. या दोन वर्षांत नदीला मिळालेलं जादा पाणी हे मुद्दलातलं होतं. बर्फाचं खरं काम इथे दिसतं : ज्या वर्षी पाऊस दगा देतो आणि ऊन जास्त पडतं, त्याच वर्षी हिमनदी जास्त पाणी सोडते. वार्षिक बेरजेत किरकोळ दिसणारा हा वाटा नेमका वाईट वर्षी हाताशी येतो. हिमनद्या आकसत जातात तसं आधी वितळपाणी वाढतं, मग एका शिखरानंतर घटत जातं. लहान खोऱ्यांनी ते शिखर ओलांडलं आहे, आलेचसारख्या मोठ्या साठ्यांना अजून काही दशकं आहेत. नंतरही हिम पडेल, पाऊस पडेल, मे-जूनमध्ये नदी भरेल. ऑगस्ट कोरडा पडेल.

स्वित्झर्लंडचं उत्तर आहे : बर्फ जिथून मागे हटला तिथे धरण. झेरमाटच्या वर गोर्नर हिमनदीच्या पुढ्यात गोर्नर्ली नावाचा प्रकल्प आखला आहे, साठवण 15 कोटी घनमीटर. वीज, पूरनियंत्रण, सिंचन, सगळं त्यातून साधेल असं सांगतात, आणि बरंचसं खरंही आहे. विरोधकांचा आक्षेप अस्पर्श निसर्ग जाण्याचा आहे. मला त्याहून मोठी अडचण हिशेबाची वाटते. तलाव एका ऋतूचं पाणी दुसऱ्या ऋतूत नेऊ शकतो, पण कोरड्या वर्षी त्यात आडातच नसलेलं पाणी येणार कुठून? शिवाय धरणाची किल्ली वीज विकणाऱ्याच्या हातात असते, आणि त्याला पाणी जानेवारीत सोडायचं असतं. पाटाच्या पाळीची वाट बघणाऱ्या व्हॅलेच्या शेतकऱ्याला आणि त्रिकास्तेंच्या अभियंत्याला ते ऑगस्टमध्ये हवं आहे. येत्या दोन दशकांत इथल्या अनेक जुन्या धरणांच्या परवान्यांची मुदत संपते आहे. नव्या करारांत ऑगस्टच्या विसर्गाचं कलम घालायचं का, घातलं तर विजेच्या तोट्याची भरपाई खालच्या फ्रान्सने करायची का, आणि पाण्याचा मालकी हक्क असलेल्या डोंगरातल्या गावांना त्यात किती बोलता येईल, यावर आता खरी घासाघीस व्हायची आहे.